धनी, चाकर आणि चेंडू

इंग्लंडांतील फुटबॉलचा हंगाम ऑगस्ट महिन्यांत सुरू होतो आणि मे महिन्यांत संपतो. या नऊ-दहा महिन्यांत हवा पालटते, दिवस लहान-मोठा होतो, संघांचे भाव चढतात-उतरतात. पण वर्तमानपत्रांतील एक बातमी मात्र पालटत नाहीं. अमुक क्लबाच्या मालकांनीं आपल्या मुख्य प्रशिक्षकास आज निरोप दिला, त्याच्या सेवेबद्दल क्लब आभारी आहे, आणि पुढील नेमणूक लवकरच जाहीर होईल. नांवें तेवढीं बदलतात, मजकूर तोच राहतो. आभारांचा ठसाच क्लबांनीं करून ठेवला असावा असें वाटतें. या बातमीची लोकांस इतकी सवय झाली आहे कीं, तींत कांहीं अन्याय आहे किंवा मूर्खपणा आहे, हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, तींत दोन्ही आहेत. आणि त्यांचें मूळ प्रशिक्षकाच्या नालायकीपेक्षां मालकाच्या बेजबाबदारपणांत अधिक आहे.

परक्या देशांतील खेळाच्या भानगडींशीं मराठी वाचकाचा संबंध काय, असा प्रश्न कोणी करील. संबंध आहे, आणि तो पुण्यांतूनच निघतो. नोव्हेंबर २०१० मध्यें पुण्याच्या वेंकटेश्वर हॅचरीज समूहानें, म्हणजे कोंबड्यांच्या व्यवसायामुळें ‘वेंकीज’ या नांवानें घरोघर माहीत झालेल्या उद्योगानें, लँकेशायर परगण्यांतील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारें २ कोटी ३० लाख पौंडांस विकत घेतला. त्या दिवशीं पुण्यांत कित्येकांची छाती फुगली होती. आणि खोटें कशाला बोला, आमचीही थोडी फुगली होती. ब्लॅकबर्न हें कापडाचें गांव. तेथील मागांवर हिंदुस्थानांत खपण्यासाठीं धोतरें विणलीं जात. आमच्या आजोबा-पणजोबांनीं तीं नेसलीं, आणि पुढें स्वदेशीच्या चळवळींत विलायती कापडाची होळीही केली. १९३१ सालीं गांधीजी विलायतेस गेले असतां ब्लॅकबर्नशेजारच्या डार्वेन येथें जाऊन, त्या बहिष्काराची झळ लागलेल्या गिरणीकामगारांस भेटले होते. त्याच गांवचा, १८७५ सालीं निघालेला, आणि १८८८ सालीं फुटबॉल लीगची स्थापना करणाऱ्या बारा क्लबांपैकीं एक असलेला हा क्लब पुण्याच्या मालकीचा व्हावा, हा कालचक्राचा फेरा गमतीचा खराच. पण मालकी आली म्हणजे जबाबदारीही आली. पुण्याच्या माणसानें परमुलुखांत जाऊन काय केलें, हें विचारण्याचा अधिकार पुण्याच्या वाचकास आहे असें आम्ही समजतों.

धनिक मालक म्हणजे काय, हें ब्लॅकबर्नला आधींपासून ठाऊक होतें. जॅक वॉकर हा पोलादाचा व्यापारी जन्मानें त्याच गांवचा. त्यानें क्लब हातीं घेतला, १९९१ मध्यें केनी डॅल्ग्लिश यांस मॅनेजर म्हणून आणलें, हवा तेवढा पैसा दिला, आणि १९९५ मध्यें क्लबानें प्रीमियर लीग जिंकली. त्यापूर्वीं क्लबानें लीग जिंकली होती ती १९१४ सालीं. म्हणजे ८१ वर्षांनीं गांवांत दिवाळी झाली. पैसा एकाचा, अक्कल दुसऱ्याची, आणि दोघांनीं एकमेकांच्या कामांत लुडबूड करावयाची नाहीं, अशी ही वांटणी होती.

पुण्याच्या मालकांनीं क्लब घेतला तेव्हां तो पहिल्याच श्रेणींत होता. मॅनेजर सॅम अलरडाइस हा अनुभवी मनुष्य. आदल्या हंगामांत त्यानें संघास दहावें स्थान मिळवून दिलें होतें, आणि त्या वेळीं वीस संघांत संघ तेरावा होता. मालकी बदलून महिनाही पुरा झाला नव्हता, तोंच डिसेंबरांत त्याला काढण्यांत आलें. त्याच्या जागीं नेमलेला स्टीव्ह कीन हा क्लबांतीलच शिक्षक. मॅनेजरीचा पूर्वानुभव त्याच्या गांठीं नव्हता. पहिला हंगाम शेवटच्या दिवशीं कसाबसा निभावला. दुसऱ्या हंगामांत प्रेक्षक त्याच्याविरुद्ध आणि मालकांविरुद्ध ओरडून ओरडून थकले, पण पुण्यास तें ऐकूं गेलें नाहीं. मे २०१२ मध्यें क्लब खालच्या श्रेणींत घसरला. ज्या सामन्यांत हें भवितव्य ठरलें, त्या सामन्यांत कोणीतरी क्लबाचें निशाण पांघरलेली एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडून दिली. इंग्रज मनुष्य फार संतापला म्हणजे विनोद करतो. तो विनोद कोणावर होता, हें सांगण्याची गरज नाहीं.

येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्षांत घ्यावी. ज्याला काढावयाचें नव्हतें त्याला पहिल्या महिन्यांत काढलें, आणि ज्याच्याविषयीं विचार करावयास हवा होता त्याला दोन हंगाम ठेवलें. म्हणजे दोष केवळ बदलण्यांत नव्हता, केवळ न बदलण्यांतही नव्हता. खेळ न समजतां खेळाचे निर्णय घेण्यांत होता. सप्टेंबर २०१२ मध्यें कीननें राजीनामा दिला आणि मग खरा तमाशा सुरू झाला. हेनिंग बेर्ग आला, तो ५७ दिवसांत गेला. मायकेल अॅपलटन आला, तो ६७ दिवसांत गेला. नव्या स्वयंपाक्यास घराच्या तिखटमिठाचा अंदाज येण्यासही याहून अधिक दिवस लागतात. बेर्गनें कराराप्रमाणें पैसे मागितले, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २०१३ मध्यें न्यायालयानें त्याला सुमारें साडेबावीस लाख पौंड देण्याचा निकाल दिला. दोन महिन्यांच्या नोकरीची ही किंमत. पुढें पडझड चालूच राहिली, आणि मे २०१७ मध्यें क्लब तिसऱ्या श्रेणींत जाऊन पडला. प्रीमियर लीग जिंकलेल्या क्लबावर असा प्रसंग येण्याची ती पहिलीच वेळ होती.

न्याय सर्वांस सारखा हवा, म्हणून दोन गोष्टी येथेंच सांगितल्या पाहिजेत. पहिली ही कीं, या मालकांनीं क्लबाचा तोटा वर्षानुवर्षें आपल्या तिजोरींतून भरून काढला आहे. क्लब लुटून पळून जाणारे मालकही इंग्लंडनें पाहिले आहेत. त्यांच्या पंक्तीस यांना बसवणें अन्यायाचें होईल. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. फेब्रुवारी २०१७ मध्यें टोनी मोब्रे हा मॅनेजर आला. त्याच्याच कारकीर्दींत क्लब तिसऱ्या श्रेणींत गेला. पूर्वींची रीत चालू राहती तर त्याला दुसऱ्याच दिवशीं निरोप मिळाला असता. पण या खेपेस मालकांनीं हात आंवरला. एका वर्षांत त्यानें संघास पुन्हां दुसऱ्या श्रेणींत आणलें, आणि तो २०२२ पर्यंत तेथें टिकला. मालक तेच, क्लब तोच, मैदान तेंच. धीर मात्र नवा होता. आमच्या म्हणण्यास याहून चांगला साक्षीदार आम्हांस बाहेरून आणावयास नको.

प्रशिक्षक वारंवार बदलण्याच्या बाजूनें तीन मुद्दे नेहमीं पुढें केले जातात. त्यांचा एकेक करून विचार करूं.

पहिला मुद्दा असा कीं, प्रशिक्षक बदलला म्हणजे संघ सुधारतो, हा अनुभव आहे. संघ ओळीनें पांच सामने हरतो, प्रशिक्षक जातो, नवा येतो, आणि सहावा सामना संघ जिंकतो; याहून आणखी पुरावा कोणता हवा? आमचें उत्तर असें कीं, हा पुरावा नव्हे, हा काकतालीय न्याय आहे. कावळा बसला आणि फांदी मोडली, एवढेंच यांत दिसतें. प्रशिक्षकास काढतात केव्हां? संघ अगदीं तळाला गेलेला असतो तेव्हां. ताप चढत चढत १०४ अंशांवर गेला म्हणजे घरचीं माणसें घाबरून वैद्य बदलतात. ताप बहुधा तेथून उतरावयाचाच असतो, तो उतरतो, आणि नव्या वैद्याच्या पुडीचा जयजयकार होतो. हॉलंडचे अर्थशास्त्रज्ञ बास तेर वेल यांनीं त्या देशाच्या पहिल्या श्रेणींतील १९८६ ते २००४ या काळाचे निकाल घेऊन हीच गोष्ट तपासली. पडत्या काळांत ज्या संघांनीं प्रशिक्षक बदलला, आणि तशाच पडत्या काळांत ज्यांनीं तो बदलला नाहीं, अशा दोहोंची त्यांनीं तुलना केली. बदलणाऱ्यांस त्या बदलाचा कांहीं अधिक लाभ झाला, असें त्यांना आढळलें नाहीं. म्हणजे वैद्य बदलला तरी ताप उतरला, न बदलला तरी उतरला. फरक एवढाच कीं, बदलणाऱ्यास दोन वैद्यांचें बिल भरावें लागलें.

दुसरा मुद्दा अधिक बळकट आहे, आणि तो टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. लंडनच्या चेल्सी क्लबाचे रशियन मालक रोमन अब्रामोविच यांनीं २००३ ते २०२२ या काळांत प्रशिक्षक अंगरख्यासारखे बदलले. कार्लो अँचेलॉटी यांनीं २०१० मध्यें लीग आणि एफ. ए. चषक हीं दोन्हीं जिंकून दिलीं, आणि २०११ च्या मे महिन्यांत हंगामाचा शेवटचा सामना संपतांच त्यांना निरोप मिळाला. रॉबेर्तो दि मात्तेओ यांनीं मे २०१२ मध्यें क्लबास युरोपचें अजिंक्यपद प्रथमच मिळवून दिलें, आणि नोव्हेंबरांत त्यांनाही वाट दाखवण्यांत आली. असें असून या मालकाच्या काळांत चेल्सीनें पांच वेळां लीग आणि दोन वेळां युरोपचें अजिंक्यपद जिंकलें. तेव्हां बदलण्यानें नुकसान होतें, हें कोठें सिद्ध होतें, असें प्रतिपक्ष विचारतो.

प्रश्न रास्त आहे. पण त्याचें उत्तरही त्याच इतिहासांत आहे. चेल्सीचा प्रशिक्षक बदले, संघाचा कणा बदलत नसे. चेक, टेरी, लॅम्पार्ड, ड्रोग्बा हीं नांवें २००४ पासून २०१२ पर्यंत त्या संघांत दिसतात. वर छप्पर सारखें उडत होतें, पण खालीं खांब भक्कम होते. आणि ते खांब विकत घेण्याइतका पैसा जगांत फार थोड्या मालकांजवळ होता. जें स्थैर्य इतरत्र प्रशिक्षक देतो, तें तेथें खेळाडूंनीं दिलें. अब्रामोविच यांच्या लहरीमुळें क्लब जिंकला असें म्हणणें म्हणजे श्रीमंताचा मुलगा अभ्यास न करतां सुखांत राहिला, म्हणून अभ्यास व्यर्थ आहे, असें म्हणण्यासारखें आहे.

आणि ज्यांच्याजवळ तो पैसा नव्हता त्यांनीं हीच रीत उचलली तेव्हां काय झालें? इटलींतील पालेर्मो क्लबाचे मालक मौरीत्सिओ झांपारीनी यांस तेथील लोक ‘प्रशिक्षक खाणारा’ म्हणत. २०१५-१६ च्या एकाच हंगामांत त्यांनीं याकीनी आणि बाल्लार्दीनी या दोघांस काढलें, दोघांसही परत बोलावलें, आणि त्यांतल्या एकास पुन्हां काढलें. त्या वर्षीं संघ वांचला, हें खरें. पण २०१७ मध्यें तो पहिल्या श्रेणींतून उतरला, आणि झांपारीनी बाजूस झाल्यावर २०१९ मध्यें पैशाच्या अव्यवस्थेपायीं क्लबास चौथ्या श्रेणींतून नव्यानें श्रीगणेशा करावा लागला. इंग्लंडांतील वॉटफर्ड क्लब २०१२ पासून पोत्सो या इटालियन कुटुंबाकडे आहे. २०१४-१५ मध्यें त्यांनीं एका हंगामांत चार प्रशिक्षक केले आणि संघ वरच्या श्रेणींत चढला. तेव्हां लोकांनीं त्यांच्या कल्पकतेचे गोडवे गाइले. २०१९-२० मध्यें त्यांनीं तोच प्रयोग केला, आणि शेवटचे दोन सामने उरले असतां नायजेल पिअर्सन यांसही काढलें. संघ खालीं गेला. २०२१-२२ मध्यें पुन्हां तीन प्रशिक्षक झाले. संघ पुन्हां खालीं गेला. त्यानंतर त्यांनीं रॉब एडवर्ड्‌स या तरुण प्रशिक्षकास आणलें, आणि लीगचे जेमतेम दहा सामने होतात तोंच घालवून दिलें. तो उठला, तो शेजारच्या ल्यूटन क्लबांत गेला. ल्यूटन आणि वॉटफर्ड यांचें जुनें हाडवैर. मे २०२३ मध्यें एडवर्ड्‌सनें ल्यूटनला पहिल्या श्रेणींत नेऊन बसवलें. जें रत्न वॉटफर्डच्या मालकांनीं उकिरड्यावर फेकलें, तें शेजाऱ्यानें उचलून मुकुटांत जडवलें!

तिसरा मुद्दा मालकी हक्काचा. ‘पैसा आमचा, तोटा आमचा, मग चाकर कोणता ठेवावा हें सांगणारे तुम्ही कोण?’ वरवर पाहतां हा प्रश्न बिनतोड वाटतो. पण मालकानें विकत काय घेतलें, याचा आधीं विचार केला पाहिजे. मैदान विकत मिळतें, इमारती मिळतात, खेळाडूंचे करार मिळतात. शनिवारीं बापाचें बोट धरून मैदानावर जाणाऱ्या मुलाची निष्ठा विकत मिळत नाहीं; आणि ती नसेल तर मैदान म्हणजे नुसतें गवत. देवळाचा जीर्णोद्धार करणाऱ्या सावकाराच्या नांवाची पाटी दाराशीं लागते, त्यानें देव त्याचा होत नाहीं. उद्यां तो सावकार दर महिन्यास पुजारी बदलूं लागला, तर गांव त्याला जाब विचारील. शिवाय साबणाच्या कारखानदारानें वाईट साबण काढला तर गिऱ्हाईक दुसरा साबण घेतें, आणि मालक ताळ्यावर येतो. क्लबाचा भक्त दुसरा क्लब घेत नाहीं. ब्लॅकबर्नचा मनुष्य बर्नलीचा होत नाहीं, मेला तरी होत नाहीं. ज्या धंद्यांत गिऱ्हाइकास सोडून जातां येत नाहीं, त्या धंद्यांतील मालकास व्यापारी म्हणतां यावयाचें नाहीं. तो विश्वस्त आहे, मग त्याला तें पद आवडो वा न आवडो.

जर्मनीनें ही गोष्ट नियमांत आणली आहे. तेथें १९९८ पासूनच्या नियमाप्रमाणें, कांहीं थोडे अपवाद सोडले तर, क्लबांतील निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्याच हातीं राहिलीं पाहिजेत. नियम चांगला आहे. पण नियमानेंच सारें भागतें असें आम्ही म्हणत नाहीं. हँबुर्ग क्लबानें त्याच देशांत एकामागून एक प्रशिक्षक बदलले, आणि १९६३ पासून कधीं न सोडलेली पहिली श्रेणी २०१८ मध्यें गमावली. स्पेनमधील रेआल माद्रिद हा तर सभासदांच्याच मालकीचा क्लब. त्याचे निवडून आलेले अध्यक्ष फ्लोरेन्तिनो पेरेस यांनीं २००३ मध्यें, लीग जिंकल्याचे हार सुकले नाहींत तोंच, विसेन्ते देल बोस्के यांचा करार संपवला. तीन वर्षांत दोनदां युरोपचें अजिंक्यपद मिळवून देणारा तो मनुष्य. तो गेल्यावर पुढील तीन वर्षें क्लबास लीग जिंकतां आली नाहीं. तेव्हां धनी एक असो कीं हजार असोत, धनीपणाची गुर्मी अंगांत शिरली कीं परिणाम एकच.

आतां दुसरी बाजू पाहूं. अलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्यें मँचेस्टर युनायटेडमध्यें आले. साडेतीन वर्षें त्यांच्या हातीं एकही चषक लागला नाहीं. आजच्या मालकानें त्यांना तीनदां काढलें असतें. संचालकांनीं त्यांना ठेवलें. १९९० मध्यें पहिला चषक आला, आणि २०१३ मध्यें ते निवृत्त झाले तेव्हां त्यांत लीगचीं तेरा अजिंक्यपदें जमा झालीं होतीं. त्यांच्यामागें त्याच क्लबानें काय केलें? एरिक टेन हाग यांनीं मे २०२४ मध्यें एफ. ए. चषक जिंकला, जुलैंत क्लबानें त्यांच्या कराराची मुदत वाढवली, आणि ऑक्टोबरांत त्यांना काढलें. जुलैंतील शहाणपण खरें मानावें कीं ऑक्टोबरांतील, हें ठरवणें आमच्या बुद्धीच्या बाहेरचें आहे.

फार मागें जावयाचें तर हर्बर्ट चॅपमन यांचें उदाहरण आहे. पूर्वीं इंग्लंडांत संघ निवडण्याचें काम संचालक मंडळेंच करीत. मॅनेजर हा बहुधा कारकुनाच्या पायरीचा असे. चॅपमन यांनीं १९२५ मध्यें आर्सेनलचें काम पत्करलें तें खेळाचा सारा कारभार आपल्या हातीं राहील या बोलीवर, आणि यशाला पांच वर्षें लागतील असें सांगून. १९३० मध्यें पहिला चषक आला, म्हणजे मुदत त्यांनीं तंतोतंत पाळली; आणि तोंवर थांबण्याचा धीर धन्यांनींही दाखवला. जर्मनीच्या फ्रायबुर्ग या लहानशा क्लबांत फोल्कर फिन्के १९९१ पासून १६ वर्षें होते. क्लब खालच्या श्रेणींत गेला तरी त्यांना कोणीं घालवलें नाहीं. पुढें क्रिस्टियान श्ट्राइख आले. २०१५ मध्यें त्यांच्याही हातून संघ खालीं गेला. क्लबानें त्यांना ठेवलें. एका वर्षांत संघ वर आला, आणि श्ट्राइख २०२४ पर्यंत राहिले. परदेशच कशाला? आपल्या गोव्यांत धेंपो या उद्योजक घराण्याचा क्लब आहे. त्यानें आर्मांदो कुलासो यांच्या हातीं संघ एका तपाहून अधिक काळ सोंपवला, आणि २००५ ते २०१२ या काळांत पांच वेळां राष्ट्रीय अजिंक्यपद पणजीस नेलें. फुटबॉल आणि धनिक कुटुंब यांचें सूत जमत नाहीं असें नाहीं; धन्यास कोठें थांबावें हें कळलें पाहिजे.

हा थांबण्याचा प्रश्नच या साऱ्याचा गाभा आहे. अलीकडे ‘मॅनेजर’ हें नांव जाऊन ‘हेड कोच’ हें नांव रूढ होत आहे. हा नुसता शब्दांचा बदल नव्हे. कोणता खेळाडू घ्यावा, कोणता विकावा, हें आतां पुष्कळ ठिकाणीं मालक आणि त्यांचे सल्लागार ठरवतात. मुख्य प्रशिक्षकानें, पुढ्यांत येईल त्या शिध्याचा स्वयंपाक करावयाचा. न्यूकॅसल क्लबांत २००८ मध्यें केव्हिन कीगन मॅनेजर असतां त्यांच्या इच्छेविरुद्ध एक खेळाडू आणला गेला. आपण या खेळाडूस कधीं पाहिलेंही नाहीं, असें त्यांनीं म्हटलें तेव्हां, इंटरनेटवर त्याचीं चलच्चित्रें पाहा, असें त्यांना सांगण्यांत आलें. कीगन यांनीं राजीनामा दिला. २००९ मध्यें लवादानें क्लबाचें वर्तन चूक ठरवून त्यांना २० लाख पौंड देवविले. आणि त्याच वर्षीं न्यूकॅसल पहिल्या श्रेणींतून उतरला होता. अधिकार काढून घ्यावयाचा आणि जबाबदारी तेवढी ठेवावयाची, ही कोणत्या न्यायाची वांटणी? चाकरानें निवडलेल्या बैलांनीं शेत बिघडवलें तर चाकरास जाब विचारा. बैल धन्यानें निवडले असतील तर धन्यानें आरशांत पाहावें.

पण आरशांत पाहणें हेंच तर धन्यास नको असतें, आणि प्रशिक्षकास काढण्याचें खरें प्रयोजन येथें आहे. संघ हरूं लागला म्हणजे प्रेक्षकांचा राग कोणावर तरी निघावयाचा. तो आपल्यावर निघूं नये म्हणून मालक मधें एक मनुष्य उभा करून ठेवतो, आणि वेळ आली कीं त्याला पुढें ढकलतो. चार वेळां चुकीचा मनुष्य निवडणारा धनी पांचव्या वेळीं बरोबर निवडील, असें मानण्यास कोणता आधार? चुकीचीं चार माणसें ज्या एका माणसानें निवडलीं, तो मात्र कधींच निवडीच्या कक्षेंत येत नाहीं. प्रशिक्षकासाठीं आम्ही फार अश्रू ढाळीत नाहीं. त्याच्या कराराचे पैसे त्याला मिळतात, आणि दुसरें बिऱ्हाडही मिळतें. अश्रू ढाळावयाचे तर त्या माणसासाठीं, ज्याला नुकसानभरपाई मिळत नाहीं आणि ज्याला राजीनामाही देतां येत नाहीं. तो उत्तरेकडच्या पावसांत, पदरमोड करून, रिकाम्या होत चाललेल्या मैदानांत बसलेला असतो.

आमचें सारें आयुष्य शिक्षणसंस्थांत गेलें, म्हणून ही रीत आम्हांस परकी वाटत नाहीं. एका संस्थेंत आम्हीं सहा वर्षांत चार प्राचार्य पाहिले. निकाल खालावला कीं प्राचार्य दोषी ठरत. प्रयोगशाळेस पैसे न देणारें आणि ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षें रिकामी ठेवणारें नियामक मंडळ जागच्या जागीं राही. चौथ्या प्राचार्यांच्या स्वागतास हार तेच होते, चहा तोच होता, आणि अध्यक्षांचें भाषणही शब्दशः तेंच होतें. विद्यार्थ्यांचीं सहा वर्षें मात्र कोणीं परत दिलीं नाहींत. संस्थानांच्या काळीं कित्येक राजे दिवाण असेच बदलीत, आणि दरबारी मंडळी त्याला कारभाराची कडक शिस्त म्हणत. राजे गेले, ती शिस्त मात्र आमच्या संस्थांनीं आणि विलायतच्या क्लबांनीं वांटून घेतलेली दिसते.

नुसती टीका करून थांबूं नये, म्हणून दोन सूचना करतों. खेळाडूंची खरेदी-विक्री वर्षांतून ठराविक दोन मुदतींतच करतां येते; तोच दंडक प्रशिक्षकांस कां लावूं नये? गैरवर्तनाचा प्रसंग सोडला तर हंगामाच्या मध्यें प्रशिक्षक बदलतां येऊं नये. म्हणजे निवड करतांना मालक दहा वेळां विचार करील, कारण केलेली निवड त्याला मे महिन्यापर्यंत पाहत बसावी लागेल. दुसरें असें कीं, प्रशिक्षकास काढल्यावर ठशाच्या आभारपत्रानें भागवूं नये. त्याला कां निवडलें होतें, कां काढलें, आणि या उलाढालीस किती पैसे लागले, हें मालकानें वर्गणीदार प्रेक्षकांच्या सभेंत उभें राहून सांगावें. इंग्लंडांत २०२५ मध्यें फुटबॉलच्या कारभारासंबंधीं कायदा होऊन स्वतंत्र नियामकाची योजना झाली आहे. क्लबाचें नांव, चिन्ह आणि रंग या बाबतींत मालकांच्या मनमानीस त्यानें आळा घातला आहे. सदऱ्याच्या रंगाविषयीं ज्यांचें मत विचारावयाचें, त्यांच्याजवळ संघाच्या शिक्षकाविषयीं निदान खुलासा तरी करावा, ही मागणी अवास्तव आहे असें कोणीं म्हणूं नये.

पुण्याच्या मालकांस आमचें सांगणें एवढेंच आहे. मोब्रे यांच्या वेळीं तुम्हीं हात आंवरलात तो आंवरतां येत होता म्हणूनच ना? मग तें शहाणपण अपवाद म्हणून ठेवूं नका. ब्लॅकबर्नच्या लोकांनीं तुमचा पैसा घेतला आहे, पण त्यांनीं स्वतःस विकलेलें नाहीं. त्यांच्या गिरण्या गेल्या, माग गेले. आठवड्याच्या अखेरीस एकत्र जमण्यास आणि गांवाचें नांव मोठ्यानें घेण्यास त्यांच्यापाशीं आतां हें एक मैदान उरलें आहे. तें तुमच्या हातीं ठेव म्हणून आहे.